मार्जाराचे पथ्यपाणी

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे जी पत्रे आली, त्यांत तीन मांजरांविषयी आहेत. हिंगणघाट व पुलगाव येथील दोन पत्रांतील तक्रार एकच आहे: मांजर अतोनात लठ्ठ झाले असून दिवसभर लोळत पडते, यास उपाय काय? तिसरे पत्र आर्वीच्या एका भगिनींचे असून ते दुःखाचे आहे. त्यांचा चार वर्षांचा बोका दोन दिवस वारंवार मोरीपाशी जाऊन बसे, कुंथे आणि ओरडे. बद्धकोष्ठ झाले असावे अशा समजुतीने घरच्यांनी त्यास एरंडेल पाजले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. 'दूध, पोळी, तूप यांची आम्ही त्याला कधी वाण पडू दिली नाही,' असे लिहून त्या विचारतात, 'आमच्या घरात मांस येत नाही. तर मग आमच्यासारख्यांनी मांजर पाळूच नये काय?'

हा प्रश्न एकट्या आर्वीच्या भगिनींचा नव्हे. आपल्यापैकी बहुतेक घरांत मांजर असते ते दूध-पोळीवरच असते. म्हणून या महिन्यात इतर विषय बाजूस ठेवून आम्ही त्याचेच उत्तर देण्याचे योजिले आहे.

प्रथम त्या बोक्याविषयी. वारंवार लघवीस बसणे, कुंथणे, ओरडणे आणि थेंबही न उतरणे ही लक्षणे मलावरोधाची नसून मूत्रमार्ग बंद झाल्याची असतात. बोक्याचा मूत्रमार्ग पुढे पुढे फार अरुंद होत जातो. मूत्रातील वाळूसारखे कण व चिकट स्राव यांची गुठळी होऊन तेथे बूच बसल्यासारखे होते. मग मूत्राशय ताठरते, मूत्रपिंडाचे काम थांबते, रक्तात पोटॅशियम साचते आणि अखेरीस हृदय बंद पडते. हे सर्व दोन-तीन दिवसांत घडते. मादीचा मार्ग रुंद असल्यामुळे तिला हा धोका फारच थोडा. परंतु दाह व खडे तिलाही होतात. आर्वीच्या घरी माया उणी नव्हती, हे पत्राच्या ओळीओळीतून दिसते. उणी होती ती माहिती, आणि ती आपल्याकडे सर्वत्रच उणी आहे.

आमच्या वर्धा जिल्ह्यात जनावरांचे ज्ञान नाही असे कोण म्हणेल? गवळाऊ जातीची गाय ही याच भागाची. १९४१ साली जमनालालजी बजाज यांनी गोसेवा संघाचे कार्य हाती घेतले आणि १९४२ च्या फेब्रुवारीत देह ठेवीपर्यंत वर्ध्याच्या गोपुरीत राहून तेच व्रत चालविले. दुभत्या गाईला सरकीची ढेप किती द्यावी, गाभण गाईला कडबा कसा घालावा, हे येथील शेतकऱ्याच्या पोरासही ठाऊक असते. गाईला कोणी वरण-भातावर ठेवीत नाही, कारण गाय ही गाय आहे हे आपण जाणतो. मांजराच्या बाबतीत मात्र ते आपल्या पाटापाशी येऊन बसते एवढ्यावरून ते आपल्याच पंक्तीचे, असा समज करून घेतो.

आपल्या पूर्वजांचा असा समज नव्हता. अमरकोशात मांजराची जी नावे दिली आहेत, त्यांत 'मार्जार' हे एक. मृज् म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे. सदोदित अंग चाटून पुसून घेणारे ते मार्जार. आणि दुसरे नाव आहे 'आखुभुक्', म्हणजे उंदीर खाणारा. कोशकाराने एका शब्दात त्याचा आहार सांगून टाकला आहे. हितोपदेशात दीर्घकर्ण नावाचे मांजर येते. आपण निरामिष असून चांद्रायण व्रत आचरीत आहोत, असे ते जरद्गव नावाच्या गिधाडाला सांगते आणि त्याच्या आश्रयास राहून पाखरांची पिल्ले फस्त करते. मनुस्मृतीनेही ढोंगी मनुष्याला 'बैडालव्रतिक' म्हटले आहे. या सर्वांचा अर्थ इतकाच की मांजराचे निरामिष व्रत ही अशक्य गोष्ट आहे, हे शास्त्रकारांस पक्के ठाऊक होते. गंमत अशी की, ज्या व्रताबद्दल आपण मांजराला ढोंगी ठरविले, तेच व्रत आज आपण त्याच्यावर आपल्या हाताने लादीत आहोत.

आता आधुनिक शास्त्र काय सांगते ते पाहू. मनुष्य किंवा कुत्रा मिश्र आहारावर जगू शकतो; मांजर हे निसर्गतःच मांसाहारी आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. हे द्रव्य प्रथम १८२७ साली बैलाच्या पित्तातून वेगळे काढण्यात आले, म्हणून लॅटिनमधील वृषभवाचक शब्दावरून त्यास हे नाव पडले. ते मांसात, मासळीत असते. धान्यात, डाळीत जवळजवळ नसतेच. दुधात असते ते मांजराची गरज भागविण्याइतके नसते. टॉरीन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून ते आंधळे होते, हे १९७५ साली सिद्ध झाले. त्याच्या अभावी हृदय फुगून दुबळे होते व वेळीच टॉरीन दिल्यास ते पुन्हा सुधारते, हे १९८७ साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी दाखवून दिले. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनविते. मांजराला ते साधत नाही, त्याला ते तयारच मिळावे लागते.

दुसरी गोष्ट पाण्याची. घरमांजराचे मूळ पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील रानमांजरात आहे, असे वंशपरीक्षेवरून २००७ साली स्पष्ट झाले. तो प्रदेश कोरडा. तेथील प्राण्याने पाणी शोधीत न फिरता भक्ष्यातूनच ते मिळवावे अशी निसर्गाची योजना आहे. उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. तो खाल्ला की अन्न व पाणी दोन्ही मिळाले. म्हणून मांजराला तहानेची जाणीव मंद असते आणि त्याची मूत्रपिंडे मूत्र फार दाट करतात. रानात हा गुण; घरात मात्र तोच दोष ठरतो. अलीकडे शहरांतून व आता तालुक्याच्या गावांतूनही दुकानात मिळणाऱ्या कोरड्या दाण्यांची वाटी मांजरापुढे भरून ठेवण्याची रीत पडली आहे. त्या दाण्यांत पाणी फक्त १० टक्क्यांच्या आसपास असते. उणे पडलेले पाणी मांजर पिऊन पुरते भरून काढीत नाही. त्यात आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो. मग मूत्र दाट होते, लघवी क्वचित होते आणि मूत्रातील क्षार खाली बसू लागतात.

हे क्षार मुख्यतः दोन जातींचे. एक स्ट्रुव्हाइट, त्यात मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट असते आणि मूत्र अल्कधर्मी झाले की ते जमते. दुसरे कॅल्शियम ऑक्झलेट. मांसाहाराने मूत्र आम्लधर्मी राहते, धान्याहाराने अल्कधर्मी होते. तेव्हा नुसत्या पोळी-भाताकडे झुकलेला आहार मांजराला कोणत्या बाजूस लोटतो हे सांगणे नको. स्ट्रुव्हाइटचे खडे योग्य पथ्याच्या अन्नाने काही आठवड्यांत विरघळतात. ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, ते शस्त्रक्रियेने किंवा अन्य उपायांनी काढावे लागतात. यावरून 'मूत्र आम्ल करावयाचे ना? मग द्या लिंबाचा रस' असे कोणी करू नये. परदेशांत कारखानदारांनी मांजरांची खाद्ये अधिक आम्ल केली तेव्हा स्ट्रुव्हाइटचे खडे घटले, परंतु ऑक्झलेटचे वाढले. मूत्र तपासून, खडा कोणत्या जातीचा हे पाहून पशुवैद्यानेच पथ्य ठरवावयाचे असते. सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगितले व तिच्या कारणांत अपथ्याचा निर्देश केला. जात ओळखल्यावाचून उपाय नाही, हा त्यातील बोध आजही खरा आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात असावी. मांजराच्या मूत्रविकारात पुष्कळदा खडा सापडतच नाही; मूत्राशयाला दाह मात्र असतो आणि तो मनाच्या ताणाने उसळतो. घरातील लग्नकार्य, पाहुण्यांची वर्दळ, दिवाळीचे फटाके, नवे मांजर किंवा बिऱ्हाड बदलणे, एवढे त्यास पुरते. अशा दिवसांत त्याला एकांताची, उंचावरची एखादी जागा मोकळी ठेवावी.

आता लठ्ठपणाकडे वळू. हा विषय वरच्याहून वेगळा नाही. लठ्ठ मांजर हिंडत नाही. हिंडत नाही म्हणून पाण्याकडे व लघवीकडे कमी वेळा जाते. मूत्र साचून दाट होते. घराबाहेर न पडणारा, खच्ची केलेला, लठ्ठ व कोरड्या अन्नावरचा बोका या विकाराला सर्वांत आधी बळी पडतो. खच्चीकरण वाईट असा याचा अर्थ नाही. त्याने मारामाऱ्या व अनाथ पिल्लांची पैदास टळते. परंतु त्यानंतर मांजराची भूक वाढते आणि गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते, हे ध्यानात ठेवून ताटली लहान करावी.

थोडा हिशेब करू. ४ किलो वजनाच्या, घरातच असणाऱ्या मांजराला दिवसास सुमारे २०० उष्मांक पुरतात. म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १०० उष्मांक असतात. सकाळ-संध्याकाळ दीडशे मिलिलिटरची एकेक वाटी दूध व त्यात कुस्करलेली मिळून एक तूप लावलेली पोळी दिली, तर ४०० उष्मांक झाले. म्हणजे त्या चिमुकल्या जिवाला आपण रोज दोन दिवसांचे जेवण घालतो आणि त्यात त्याला हवे ते फारसे नसते. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दुग्धशर्करा पचत नाही, त्यामुळे हगवण लागते ती वेगळीच. कोरड्या दाण्यांच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० उष्मांक असतात. तेव्हा तेही दिवसाला पन्नास-पंचावन्न ग्रॅमच लागतात. वाटी कायम भरलेली ठेवणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे.

मांजर लठ्ठ आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, कारण केस फसवितात. दोन्ही हात बरगड्यांवरून फिरवावेत. बरगड्या दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. वरून पाहता कमरेचा बाक दिसावा. वजन करणे सोपे आहे. काट्यावर आपण एकटे उभे राहावे, मग मांजर कडेवर घेऊन उभे राहावे, आणि वजाबाकी करावी. महिन्यातून एकदा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तो आकडा टिपून ठेवावा.

वजन उतरविताना उपास मात्र घडवू नये. मनुष्याला एकादशी मानवते, मांजराला मानवत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातील चरबी यकृतात जाऊन साचते आणि त्यातून ते दगावू शकते. आठवड्याला वजनाच्या सुमारे एक टक्का घट पुरे. ६ किलोचा बोका साडेचार किलोवर आणावयाचा तर आरंभी आठवड्यास ६० ग्रॅम, पुढे त्याहून थोडे कमी. अर्धे वर्ष किंवा थोडे अधिक लागेल. घाई करू नये.

आता प्रत्यक्ष पथ्य सांगतो.

पहिले, मुख्य अन्न 'पूर्णान्न' असावे. मांजरांसाठी तयार केलेल्या ज्या ओल्या अन्नाच्या पाकिटावर किंवा डब्यावर ते मोठ्या मांजराचे संपूर्ण अन्न असल्याचे लिहिलेले असते, ते घ्यावे. त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असून टॉरीन घातलेले असते. नुसते शिजवलेले मांस किंवा नुसते अंडे हेदेखील पूर्ण अन्न नव्हे. त्यात चुना कमी पडतो. कोरडे दाणे द्यावयाचे तर मोजून द्यावेत व त्यात कोमट पाणी मिसळावे. नवे अन्न एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत थोडे थोडे वाढवावे. मूत्रविकारासाठीचे खास अन्न असते ते वैद्याच्या सांगण्यावाचून सुरू करू नये.

दुसरे, पाणी. घरात दोन-तीन ठिकाणी, सावलीत, पसरट मातीच्या परळांत किंवा काचेच्या वाडग्यांत ते ठेवावे. अन्नापासून व मलमूत्राच्या जागेपासून ते दूर असावे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बदलावे. पुष्कळ मांजरांना वाहते पाणी आवडते. नळाची बारीक धार त्यांना हवीशी वाटते.

तिसरे, विधीची जागा. रेतीने भरलेले पसरट घमेले शांत कोपऱ्यात ठेवून रोज साफ करावे. मांजरे जितकी, त्याहून एक घमेले अधिक असावे. घाण जागा असली की मांजर लघवी रोखून धरते. रोज साफ करणाऱ्यालाच आधी कळते की आज रेती कोरडी राहिली आहे.

चौथे, जे देऊ नये ते. कांदा व लसूण यांनी मांजराच्या रक्तपेशी फुटतात. म्हणून फोडणीचे वरण, आमटी देऊ नये. मूतखड्यावर माणसांना दिला जाणारा गोखरूचा काढा मांजराला देऊ नये. आणि तापाची, अंगदुखीची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नको. तिचा तुकडाही मांजराचा जीव घेऊ शकतो.

पाचवे, धोक्याची खूण. बोका पुन्हा पुन्हा लघवीस बसतो व काही होत नाही, सतत शिस्न चाटतो, लघवीत रक्त दिसते किंवा नेहमीची जागा सोडून मोरीत, फरशीवर बसतो, तर सकाळची वाट पाहू नये. पोट दाबून पाहू नये, एरंडेल देऊ नये. तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. ते नळी घालून मार्ग मोकळा करतात. वेळेवर नेलेले बहुतेक बोके वाचतात. आपल्या गावी सोय नसेल तर नागपूरचे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. कोणता दवाखाना कोणत्या वेळी उघडा असतो हे दुखणे येण्यापूर्वीच विचारून दूरध्वनीजवळ लिहून ठेवावे.

आता मूळ प्रश्न. आमच्या घरात मांस येत नाही, तर मांजर पाळू नये काय?

व्रत हे घेणाऱ्याचे असते. महात्माजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहावयास आले. आहाराचे प्रयोग त्यांनी जन्मभर केले, ते मुख्यतः स्वतःच्या देहावर. त्यांनी दूध सोडण्याचे व्रत घेतले होते. पण १९१८ च्या दीर्घ आजारानंतर देह टिकेना म्हणून शेळीचे दूध घेणे त्यांना भाग पडले, आणि त्याची टोचणी त्यांना पुढेही राहिली. व्रत घेण्यास, ते पाळण्यास, त्याचा अर्थ लावण्यास आणि त्यासाठी कष्टी होण्यास विवेक लागतो. मांजराला तो विवेक नाही. जो प्राणी 'नको' म्हणू शकत नाही, त्याच्यावर आपले व्रत लादणे ही अहिंसा नव्हे. त्या व्रताचे फळ आपल्याला आणि प्रायश्चित्त त्याला, असा तो व्यवहार होतो.

घरातील वडील मंडळींस शिवाशिवीची अडचण वाटेल. तिला उत्तर आहे. ते पाकीट परसदारी फोडावे. ताटली व चमचा निराळा ठेवावा आणि बाहेरच्या नळावर धुवावा. स्वयंपाकघराचे सोवळे त्याने मोडत नाही. आज मांजरांच्या अन्नात घातले जाणारे टॉरीन बहुधा कारखान्यातच तयार होते. त्या बळावर परदेशांत वनस्पतीजन्य अन्नेही निघाली आहेत. परंतु ती देताना मूत्राची वारंवार तपासणी करावी लागते आणि ज्या बोक्यास एकदा मूत्रविकार झाला आहे त्याच्यासाठी तो मार्ग आम्ही सुचविणार नाही.

एवढे करूनही ज्यांचे मन घेत नाही, त्यांस आम्ही दोष देत नाही. त्यांनी मांजर घरात कोंडून न पाळता दुसरा जीव पाळावा. गाय आहे, पोपट न कोंडता अंगणात चिमण्यांना दाणे घालणे आहे. वर्ध्यानजीक पिपरी (मेघे) येथील करुणाश्रमात जखमी व निराधार प्राण्यांची सेवा चालते, तेथे हात लावणे आहे. भूतदयेला वाटा पुष्कळ आहेत. परंतु दाराशी मांजर ठेवावयाचे ठरविले, तर ते मांजर म्हणून ठेवावे.

मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, असे लहानपणी आपणां सर्वांस सांगण्यात आले आहे. सोन्याच्या मानाने ओल्या अन्नाचे पाकीट, पाण्याचे दोन परळ आणि रेतीचे एक घमेले ही फार स्वस्त गोष्ट आहे. हिंगणघाट व पुलगावच्या वाचकांनी आजच मांजर काट्यावर घ्यावे व दुधाची वाटी आवरावी. आर्वीच्या भगिनींच्या घरी पुन्हा एखादे पिल्लू आले तर त्यांनी ते अवश्य ठेवून घ्यावे. त्याचे जेवण आता त्यांना ठाऊक झाले आहे.